घरच्या कॉम्प्युटरला फुकटातलं कोणतं अँटिव्हायरस घ्यावं?

सांगलीहून एक वाचक लिहितात :

"नमस्कार. आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज १० चा. मिस्टर विमा एजंट आहेत. ग्राहकांच्या याद्या, हप्त्यांच्या तारखा, पॉलिसीचे स्कॅन सगळं त्यावरच असतं. मुलगा अकरावीत आहे, तो अभ्यासाला आणि गेमला वापरतो, पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानातही जातो. मागच्या वर्षी घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली. दुकानदार म्हणतो, नवीन 'की' (लायसन्सचा नंबर) घ्या नाहीतर सगळा डेटा उडेल. भाचा म्हणतो, कशाला पैसे घालवतेस, अवास्ट फुकट आहे, ते टाक, सोबत एव्हीजी पण टाक म्हणजे डबल सुरक्षा. त्यात गेले काही दिवस उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असं सारखं येतंय. मला कॉम्प्युटर सुरू करायचीच भीती वाटायला लागली आहे. फुकटातलं कोणतं घेऊ? आणि फोनमध्येही टाकावं का?"

ताई,

आधी त्या कोपऱ्यातल्या इशाऱ्याचं बघू, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो इशारा तुमच्या कॉम्प्युटरने दिलेला नाही. पुन्हा येईल तेव्हा त्यावर क्लिक न करता नुसता नीट वाचा. मोठ्या अक्षरात व्हायरसची बातमी असेल, शेजारी लाल ढाल किंवा एखाद्या नामांकित कंपनीचं चिन्ह असेल, आणि बारीक अक्षरात 'गूगल क्रोम' आणि कुठल्यातरी अनोळखी वेबसाइटचं नाव असेल. म्हणजे ही त्या वेबसाइटने पाठवलेली सूचना आहे. सिनेमा किंवा जुन्या प्रश्नपत्रिका शोधताना एखादी साइट म्हणते, 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा.' ते दाबलं की त्या साइटला तुमच्या पडद्यावर वाटेल तेव्हा वाटेल ते लिहायची परवानगी मिळते. मुलाला रागावू नका, हा सापळा भल्याभल्यांना कळत नाही.

परवानगी काढून घेणं सोपं आहे. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांवर जा, सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या काढून टाका. इशारे तिथेच थांबतील. तोवर त्यातल्या कुठल्याही बटणाला हात लावू नका आणि पडद्यावर फोन नंबर आला तर तो लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. त्या नंबरवर बसलेली माणसं गोड बोलून एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतात, तुमचा कॉम्प्युटर त्यांच्या हातात जातो आणि पुढच्या अर्ध्या तासात बँकेचं खातं रिकामं होतं.

आता मूळ प्रश्न. फुकटातलं चांगलं अँटिव्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहे. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. तुमच्यासारख्या घराला तेच पुरेसं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे नवीन काय घ्यायचं यापेक्षा, आहे ते जागं आहे की कोणीतरी झोपवून ठेवलंय, हे बघण्यात वेळ घालवा.

दुकानदार 'डिफेंडर काही कामाचं नाही' म्हणेल. त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्स नावाचं फुकट अँटिव्हायरस आणलं आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तेच डिफेंडर या नावाने विंडोजमध्येच बसवलं. सुरुवातीची वर्षं ते खरंच कच्चं होतं. जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट ही संस्था जगभरातली अँटिव्हायरस तपासते, तिने २०१२ मध्ये सिक्युरिटी इसेन्शियल्सला प्रमाणपत्रही नाकारलं होतं. पण ती जुनी गोष्ट झाली. याच संस्थेच्या चाचण्यांत गेली काही वर्षं डिफेंडर १८ पैकी १८ किंवा त्याच्या अगदी जवळ गुण मिळवतंय. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्थाही अशाच चाचण्या घेते. दोघींचे निकाल कुणालाही फुकट पाहता येतात. दुकानात गिऱ्हाइकांना द्यायचा सल्ला मात्र अजून त्या जुन्या दिवसांतलाच राहिलाय.

तर कामाला लागू. मुदत संपलेलं जुनं अँटिव्हायरस आधी काढून टाका. ते नुसतं पडून राहिलं तर स्वतः काही पकडत नाही आणि बऱ्याचदा डिफेंडरलाही जागा देत नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्सची यादी असते, तिथून ते अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. हट्टाने जात नसेल तर बहुतेक कंपन्या स्वतःच्या साइटवर ते पूर्ण काढण्याचं वेगळं टूल देतात. ते गेलं की डिफेंडर आपोआप जागं होतं.

मग खाली घड्याळाजवळच्या पांढऱ्या ढालीवर क्लिक करा. विंडोज सिक्युरिटी उघडेल. त्यात व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनवर जा. शेवटचं अपडेट कधी झालं ते तिथे लिहिलेलं असतं, ती तारीख आजची किंवा कालची हवी. मग मॅनेज सेटिंग्ज. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन ही तिन्ही बटणं चालू हवीत.

त्याच पानावर अगदी खाली 'एक्सक्लूजन्स' असतं. तिथे थांबा. इथे लिहिलेल्या फोल्डरकडे डिफेंडर ढुंकूनही बघत नाही. घरगुती कॉम्प्युटरवर ही यादी रिकामी असायला हवी. पण असेंबल करून घेतलेल्या किंवा 'फॉरमॅट मारून' आणलेल्या मशीनवर तिथे एखाद्या ॲक्टिव्हेटरचं फोल्डर दिसतं, कधी अख्खा सी ड्राइव्हच दिसतो. सी ड्राइव्ह यादीत असेल तर ढालीवर हिरवी टिकली दिसत राहते, सगळं आलबेल वाटतं आणि प्रत्यक्षात त्या ड्राइव्हवर काहीच तपासलं जात नाही. हे करतात कारण चोरीचं विंडोज चालू करणाऱ्या टूलला डिफेंडर पकडतं, म्हणून टूल टाकण्याआधी डिफेंडरचेच डोळे बांधले जातात. यादीत काही दिसलं तर काढून टाका. हे करणारे गिऱ्हाइकाला एका शब्दाने सांगत नाहीत आणि वर त्यालाच अँटिव्हायरसची की विकतात, याचा मला मनापासून राग येतो.

तुमचं विंडोज अस्सल आहे का याचा अंदाजही लगेच येईल. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचं पान उघडा. 'डिजिटल लायसन्स'ने ॲक्टिव्हेट झालंय असं असेल तर बहुधा ठीक. 'तुमच्या ऑर्गनायझेशनच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिसने' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर तुमच्या घराला कुठली ऑर्गनायझेशन? घरच्या मशीनवर ही ओळ बहुधा क्रॅकची, म्हणजे चोरून चालू केलेल्या विंडोजची, खूण असते. तसं निघालं तर दुकानदाराला सरळ विचारा आणि अस्सल विंडोज टाकून घ्या. अँटिव्हायरसला जाणारे पैसे तिकडे वळवा, ते जास्त कारणी लागतील.

सेटिंग्ज बघून झाल्यावर एकदा ऑफलाइन स्कॅन करा. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्येच स्कॅन ऑप्शन्समध्ये तो मिळेल. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्याआधीच तपासणी होते. पंधरा मिनिटं लागतात. चालू विंडोजमध्ये लपून बसणारे प्रकार यात सापडतात. डिफेंडर खरंच काम करतंय का याची खात्री हवी असेल तर त्याचीही सोय आहे. अँटिव्हायरसची परीक्षा घेण्यासाठी 'आयकार' नावाची ६८ अक्षरांची एक चाचणी फाइल बनवलेली आहे, ती आयकारच्या साइटवर मिळते. तिच्यात व्हायरस नसतो, पण प्रत्येक अँटिव्हायरसने ती पकडायची असं ठरलेलं आहे. डाउनलोड करायला जाल तेव्हा डिफेंडरने ओरडायला हवं. ओरडलं की निर्धास्त व्हा.

भाच्याच्या सल्ल्याबद्दल. अवास्ट आणि एव्हीजी ही नावं दोन असली तरी घर एकच आहे. प्रागच्या अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. पुढे २०२२ मध्ये अवास्टच नॉर्टनवाल्यांत विलीन झाली, आणि आज नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा ही चारही नावं जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. तेव्हा एकाच घरची दोन टाकून सुरक्षा डबल होत नाही. वेगवेगळ्या घरची टाकली तरी होत नाही. प्रत्येक फाइल उघडताना दोन पहारेकरी एकाच वेळी तिच्यावर झडप घालतात, मशीन रखडतं, कधी एक दुसऱ्यालाच चोर समजतं. सतत जागं राहणारं अँटिव्हायरस एका मशीनवर एकच.

अवास्टचा आणखी एक इतिहास भाच्याला माहीत असायला हवा. अवास्टची जम्पशॉट नावाची एक उपकंपनी होती. लोक कुठल्या साइटवर जातात, काय शोधतात, याची माहिती अवास्टच्या सॉफ्टवेअरमधून गोळा व्हायची आणि जम्पशॉटतर्फे इतर कंपन्यांना विकली जायची. जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघडकीला आणलं आणि त्याच महिन्यात जम्पशॉट बंद करण्यात आली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये यासाठी अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. 'तुमची ऑनलाइन पाळत थांबवू' असं सांगून लोकांना दिलेल्या सॉफ्टवेअरनेच पाळत ठेवली, हा आरोप मला फार गंभीर वाटतो. तो धंदा आता बंद आहे आणि चाचण्यांत अवास्ट व्हायरस चांगले पकडतं, हेही खरं. तरी ग्राहकांची माहिती ज्या मशीनवर आहे त्यावर मी ते टाकणार नाही. शिवाय फुकटातलं अवास्ट टाकल्यावर 'हे विकत घ्या, ते दुरुस्त करा' असे इशारे येत राहतात. तुम्ही आधीच इशाऱ्यांना घाबरलेल्या आहात. खऱ्याखोट्याचा गोंधळ आणखी वाढेल.

डिफेंडर नकोच असेल तर फुकटात बिटडिफेंडर बघा. रोमानियातली कंपनी आहे, चाचण्यांत वर्षानुवर्षं वरच्या रांगेत असते आणि फुकट आवृत्ती बरीचशी शांत राहते. ईमेल देऊन खातं मात्र उघडावं लागतं. कॅस्परस्कीचीही फुकट आवृत्ती आहे, पण ही रशियन कंपनी असल्याने अमेरिकेने २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नाही, तरी नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

विकतचं घेऊच नये असंही नाही. क्विक हील तर आपल्या पुण्यातली कंपनी. सातारा जिल्ह्यातल्या कैलास काटकरांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात केली, धाकटे भाऊ संजय यांनी सॉफ्टवेअर लिहिलं आणि त्यातून शेअर बाजारात नोंदलेली कंपनी उभी राहिली. याचा मला अभिमान आहे. अडचण आली की फोनवर मराठी-हिंदीत बोलणारं माणूस हवं असेल, तर त्यासाठी पैसे देणं योग्यच. फक्त 'नाहीतर सगळा डेटा उडेल' या धाकाखाली देऊ नका. अँटिव्हायरसची मुदत संपली म्हणून डेटा उडत नाही.

खरी काळजी मला तुमच्या विंडोज १० ची वाटते. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला नव्या व्हायरसची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय, पण विंडोजमध्येच सापडणारी नवी भोकं आता आपोआप बुजवली जात नाहीत. त्याने काय होतं ते २०१७ मध्ये दिसलं. विंडोजमधल्या एका भोकावर मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये उपाय दिला होता. ज्यांनी तो टाकला नाही, त्यांच्या मशीनमध्ये मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा व्हायरस कोणीही काहीही क्लिक न करता शिरला. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसने तेच भोक वापरलं आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एका टर्मिनलचं काम ठप्प झालं.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेट्सची जादा मुदत जाहीर केली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल' असा पर्याय दिसतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचं बॅकअप चालू ठेवलं तर पैसे पडत नाहीत. मशीन इंटेलच्या आठव्या पिढीचं किंवा नंतरचं असेल आणि त्यात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर विंडोज ११ फुकट मिळतं. दुकानदाराला हा प्रश्न विचारा, याचं उत्तर तो नीट देऊ शकेल. ११ चालत नसेल, तर ती मुदत संपण्याआधी ग्राहकांचं काम दुसऱ्या मशीनवर हलवायची तयारी ठेवा.

आता तुमच्या यजमानांच्या याद्या. अँटिव्हायरस कितीही चांगलं असलं तरी एखादा नवा रॅन्समवेअर त्याच्या नजरेतून सुटू शकतो. सगळ्या फाइल्सना कुलूप लागतं आणि किल्लीसाठी खंडणी मागितली जाते. घरगुती मशीनवर 'स्टॉप' नावाच्या कुळातले रॅन्समवेअर फार पसरले, ते मुख्यतः क्रॅक केलेल्या गेम आणि सॉफ्टवेअरमधून. क्रॅक टाकताना 'आधी अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असते आणि मुलं ती इमानेइतबारे पाळतात. मुलाला समोर बसवून हे समजावून सांगा. त्याच्यासाठी विंडोजमध्ये वेगळं, स्टँडर्ड प्रकारचं अकाउंट करा. म्हणजे पासवर्ड विचारल्याशिवाय त्याला सिस्टीमची सेटिंग्ज बदलता येणार नाहीत.

डिफेंडरमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' म्हणून एक बटण आहे. ते मुळात बंद असतं. चालू केलं की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरमधल्या फाइल्स अनोळखी प्रोग्रॅमला बदलता येत नाहीत. कधी एखादं साधं सॉफ्टवेअरही अडतं, मग त्याला तिथूनच परवानगी द्यायची. थोडा त्रास आहे, पण यजमानांच्या कामासाठी तो सोसावा.

आणि बॅकअप. सगळ्यात जास्त मी यावर भर देईन. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. रविवारी जोडा, कामाचं फोल्डर कॉपी करा आणि काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं, म्हणून काढून ठेवणं महत्त्वाचं. दुसऱ्यांच्या जन्मतारखा, वारसांची नावं, आधारच्या प्रती विश्वासाने तुमच्या घरात आल्या आहेत. डिस्क हरवली तरी ती माहिती उघडी पडू नये म्हणून एक्सेलच्या फाइलला पासवर्ड लावायला यजमानांना सांगा.

झेरॉक्सच्या दुकानाचं म्हणाल, तर तिथल्या कॉम्प्युटरमध्ये दिवसभर साऱ्या गावाचे पेन ड्राइव्ह लागतात. छपाईसाठी एक छोटा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात छापायची पीडीएफ तेवढीच टाका. घरी आल्यावर उघडण्याआधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा. फोल्डरच्या जागी छोट्या बाणाचे शॉर्टकट दिसले तर त्यांवर क्लिक करू नका. मूळ फाइल्स लपवून ठेवणारा हा जुना व्हायरस आहे, फाइल्स बहुधा शाबूत असतात. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर मशीन साफ करायची फुकट टूल्स मिळतात, पेन ड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारं 'यूएसबी प्रतिरोध'ही तिथेच आहे. एखाद्या डाउनलोड केलेल्या फाइलबद्दल शंका असेल तर गूगलच्या मालकीच्या व्हायरसटोटल साइटवर ती टाकून पाहा, डझनावारी अँटिव्हायरस तिला एकदम तपासतात. ग्राहकांची कागदपत्रं मात्र तिथे कधीही टाकू नका, कारण त्या फाइल्स इतरांना बघायला मिळू शकतात.

फोनमध्ये वेगळं अँटिव्हायरस नको. अँड्रॉइडमध्ये प्ले प्रोटेक्ट असतं, प्ले स्टोअरमध्ये जाऊन ते चालू आहे एवढं बघा. फोनचा खरा धोका व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइल्सचा, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणाऱ्या फाइल्सचा आहे. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलन, बँकेचं केवायसी अशा नावांनी त्या येतात, ओळखीच्या नंबरवरूनही येतात, आणि इन्स्टॉल केल्या की ओटीपीचे मेसेज परस्पर वाचतात. लग्नाची पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणून येते, ती इन्स्टॉल करावी लागत नाही. यजमानांच्या ग्राहकांनाही हे सांगून ठेवा. चुकून कुणाचे पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.